ओरॅकल सोडून पोस्टग्रेसवर यायचंय? लहान सॉफ्टवेअर कंपनीसाठी पायरीपायरीने

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडी या पट्ट्यात पतसंस्था, मच्छीमार सोसायट्या, आंब्याची पॅकहाऊसं, हॉटेलं यांना सॉफ्टवेअर देणाऱ्या आमच्यासारख्या लहान कंपन्यांना दरवर्षी एक बिल जड जातं, ते म्हणजे डेटाबेसच्या लायसन्सचं आणि त्याच्या सपोर्टचं. आम्ही ओरॅकल या विकतच्या डेटाबेसवरून पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या मोफत डेटाबेसवर आलो, गिऱ्हाईकं एकेक करून आणली, आणि त्यात जे कळलं ते इथे ओळीने लिहितोय, कारण सुरुवात करणाऱ्याला सापडतं ते एक तर "सोपं आहे, टूल चालवा" एवढंच असतं नाहीतर मोठ्या बँकांच्या मोठ्या टीमसाठी लिहिलेलं असतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. डेटा इकडून तिकडे नेणं हे यातलं अवघड काम नाही. जिथे एरर येते तिथेही घाबरायचं कारण नाही, एरर दिसली की माणूस ती दुरुस्त करतो. धोका आहे तो जिथे एरर येत नाही पण उत्तर वेगळं येतं तिथे. ठेवीच्या व्याजात पैसे गळतात, पासबुकावर सभासदाचं नाव कोरं येतं आणि प्रोग्राम आपला चालूच असतो. तुमचा सगळ्यात जास्त वेळ तिथे जायला हवा, म्हणून खाली ४ ते ६ या पायऱ्या लांबलचक आहेत आणि बाकीच्या थोडक्यात.

१. खरंच जायची गरज आहे का ते मोजा

आधी लायसन्स कुणाच्या नावावर आहे ते बघा. काही ठिकाणी गिऱ्हाईकाने स्वतः घेतलेलं असतं, काही ठिकाणी आपण आपल्या सॉफ्टवेअरबरोबर दिलेलं असतं. बचत कुणाच्या खिशात पडणार हे यावरच ठरतं, आणि गिऱ्हाईकाशी बोलताना सुरुवातही इथूनच करावी लागते.

आता हिशोब. ओरॅकलच्या किंमतयादीत एंटरप्राइज एडिशन एका प्रोसेसरला ४७,५०० डॉलर आणि स्टँडर्ड एडिशन टू १७,५०० डॉलर असा भाव बरीच वर्षं आहे, त्यावर सपोर्ट दरवर्षी लायसन्सच्या किमतीच्या २२ टक्के. एंटरप्राइजमध्ये कोअर मोजतात आणि इंटेल किंवा एएमडीच्या कोअरला ०.५ ने गुणतात, म्हणजे ८ कोअरच्या सर्व्हरला ४ लायसन्स, यादीभावाने १,९०,००० डॉलर आणि सपोर्टचे वर्षाला ४१,८०० डॉलर. स्टँडर्ड एडिशन टूमध्ये सॉकेट (प्रोसेसर बसवायच्या जागा) मोजतात, पण सर्व्हर जास्तीत जास्त दोन सॉकेटचा चालतो आणि डेटाबेस एका वेळी १६ पेक्षा जास्त सीपीयू थ्रेड वापरत नाही. डिस्काउंट मिळतो, तेव्हा तुमचा आकडा वेगळा असेल, पण हिशोबाची रीत हीच.

दुसरी बाजूही मोजा. पोस्टग्रेसचं लायसन्स मोफत आहे, कितीही कोअर, कितीही सर्व्हर, गिऱ्हाईकाला विकलेल्या सॉफ्टवेअरबरोबर दिलं तरी चालतं. हा प्रोजेक्ट १९८६ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सुरू झाला, १९९६ पासून पोस्टग्रेसक्यूएल या नावाने चालतोय आणि कुणा एका कंपनीच्या मालकीचा नाही, म्हणून उद्या कोणी भाव बदलेल ही भीती नाही. पण कोड बदलायला लागणारे महिने, मुलांचं ट्रेनिंग, दोन्ही डेटाबेस काही काळ बरोबर चालवायचा खर्च हे सगळं खरं आहे आणि ते कागदावर लिहा. हजारेक सभासदांची एखादी सोसायटी असेल, डेटा १२ जीबीच्या आत असेल तर ओरॅकलचीच मोफत एक्सप्रेस एडिशनसुद्धा पुरते (२१सी आवृत्तीत २ जीबी रॅम आणि २ थ्रेडची मर्यादा आहे). फक्त तिला सपोर्ट आणि पॅच मिळत नाहीत, म्हणून लोकांचे पैसे ज्यात आहेत अशा सिस्टिमला मी ती सुचवणार नाही.

अजून एक सापळा इथेच. एंटरप्राइज एडिशनमध्ये परफॉर्मन्सचे एडब्ल्यूआर रिपोर्ट सहज काढता येतात, पण त्यांना डायग्नोस्टिक्स पॅकचं वेगळं लायसन्स लागतं, पार्टिशनिंगलाही (मोठं टेबल तुकड्यांत ठेवायला) वेगळं लागतं. डेटाबेस वापर नोंदवून ठेवतो. "डीबीए फीचर युसेज स्टॅटिस्टिक्स" नावाचा व्ह्यू उघडून आपल्याकडे काय काय वापरलं गेलंय ते आधी स्वतः बघा, मग लायसन्स विकणाऱ्याशी बोला.

२. कागद आणि हत्यारं

हे सगळं एका फोल्डरमध्ये आणल्याशिवाय कामाला हात लावू नका.

- लायसन्सचं मूळ ऑर्डरिंग डॉक्युमेंट, त्यात एडिशन, संख्या आणि कोणत्या प्रकारचं लायसन्स हे लिहिलेलं असतं (फक्त आपल्याच ॲप्लिकेशनपुरतं असं बंधन असू शकतं)
- सपोर्ट रिन्यूअलची शेवटची दोन बिलं आणि रिन्यूअलची तारीख
- गिऱ्हाईकाबरोबरचा करार, त्यात डेटाबेसचं नाव लिहिलंय का ते बघायला
- सर्व्हरची यादी, कोअर आणि सॉकेटसकट
- गिऱ्हाईकाची लेखी परवानगी, की टेस्टिंगला त्यांच्या डेटाची कॉपी वापरतोय

हत्यारं म्हणाल तर ओरा-टू-पीजी हे मुख्य, ओरॅकलमधला डेटा आणि कोड पोस्टग्रेसच्या रूपात आणून देतं, मोफत आहे, पर्लमध्ये लिहिलेलं आहे. ओराफ्से नावाचं एक्स्टेन्शन (पोस्टग्रेसला लावायची जोडणी) ओरॅकलची बरीच फंक्शनं पोस्टग्रेसमध्ये आणून देतं. ओरॅकल-एफडीडब्ल्यू लावलं तर पोस्टग्रेसमध्ये बसून ओरॅकलचं टेबल वाचता येतं, ताळा करायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

डेटाच्या कॉपीबद्दल थोडं. सभासदांची नावं, मोबाइल, आधार, पॅन असलेली कॉपी डेव्हलपरच्या लॅपटॉपवर फिरू देऊ नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी आपल्याच गावातल्या माणसाचं कर्ज किती थकलंय हे आपल्या ऑफिसातल्या पोरांना कळायचं काही कारण नाही. नावं आणि नंबर बदलून घ्या, रकमा आणि तारखा तशाच ठेवा.

३. कोडची मोजदाद

ओरा-टू-पीजीला डेटाबेस दाखवा आणि शो रिपोर्ट, एस्टिमेट कॉस्टसकट चालवा. तो टेबलं, व्ह्यू, ट्रिगर (सेव्ह होताना आपोआप चालणारा कोड), प्रोसीजर, पॅकेज (प्रोसीजरचा गठ्ठा) सगळं मोजून अंदाज देतो. निकाल ए, बी, सी अशा अक्षरात येतो: ए म्हणजे जवळपास आपोआप होण्यासारखं, बी म्हणजे हाताने कोड बदलावा लागेल पण पाच मनुष्य-दिवसांच्या आत, सी म्हणजे त्याच्या वर.

या आकड्यावर कोटेशन देऊ नका. हा अंदाज फक्त डेटाबेसच्या आतल्या कोडचा आहे. तुमच्या जावा, डॉट नेट, पीएचपी किंवा जुन्या फॉर्म्समध्ये जे एसक्यूएल (डेटाबेसला विचारायची भाषा) स्ट्रिंग म्हणजे मजकुराचे तुकडे जोडून जोडून लिहिलेलं असतं ते त्याला दिसत नाही आणि आपल्याकडे खरं काम तिथेच असतं. सगळ्या सोर्स कोडमध्ये ओरॅकलचे हे खास शब्द शोधून काढा: एनव्हीएल, डीकोड, सिसडेट, रोनम, ड्युअल, कनेक्ट बाय, मर्ज, आणि जॉइनमधलं ते कंसातलं अधिकचं चिन्ह. प्रत्येकाची फाइलवार यादी करा. रिपोर्ट छापणारं जे वेगळं टूल असतं त्याच्या टेम्प्लेटमध्येही क्वेरी असतात, ती हमखास राहून जातात.

मग गिऱ्हाईकं लावा रांगेत. पहिलं गिऱ्हाईक लहान निवडा, पण त्यांच्याकडे व्याज, हप्ते, पिग्मी सगळं चालू असायला हवं. नुसतं बिलिंग असलेलं सोपं गिऱ्हाईक घेतलं तर त्यातून काहीच शिकायला मिळत नाही.

४. आकडे: इथे पैसे गळतात

ओरॅकलमध्ये आपण सर्रास "नंबर" एवढंच लिहून मोकळे होतो. पोस्टग्रेसमध्ये मात्र इंटिजर आणि बिगइंट (पूर्णांक), न्यूमेरिक (तंतोतंत दशांश), रिअल आणि डबल प्रिसिजन (अंदाजे दशांश) असे वेगळे टाइप आहेत आणि कुठला घेतलात यावर उत्तर बदलतं.

पहिला सापळा टूलमध्येच आहे. ओरा-टू-पीजीच्या कॉन्फिगमध्ये पीजी न्यूमेरिक टाइप हे सेटिंग सुरुवातीला १ असतं, त्यामुळे दशांश असलेले कॉलम रिअल किंवा डबल प्रिसिजन होतात. वेगासाठी ते बरं, पण पैशासाठी अजिबात नाही, हजारो नोंदींची बेरीज केली की तेरजेत (ट्रायल बॅलन्समध्ये) पैशाचा फरक येतो आणि मग ऑडिटर तो एक पैसा शोधायला लावतो. हे सेटिंग ० करा. दुसरं, प्रिसिजन न दिलेल्या नुसत्या नंबरला टूल बिगइंट देतं, म्हणजे ज्या कॉलममध्ये दशांश होते तो आता पूर्णांकाचा झाला. डिफॉल्ट न्यूमेरिक या सेटिंगमध्ये न्यूमेरिक लिहा आणि मग खरोखर पूर्णांक असलेले कॉलम, म्हणजे आयडी, नंबर, दिवस, तेवढे हाताने बिगइंट करा.

आता भागाकार. ओरॅकलमध्ये ५ भागिले २ केलं की २.५ येतं. पोस्टग्रेसमध्ये दोन्ही बाजू पूर्णांकाच्या असतील तर २ येतं. व्याजाचं नेहमीचं सूत्र घ्या: मुद्दल गुणिले दर गुणिले दिवस भागिले ३६५००. १०,००० रुपये, ९ टक्के, ४५ दिवस. ओरॅकल ११०.९५८९ देतं, म्हणजे ११० रुपये ९६ पैसे. पोस्टग्रेसमध्ये हे सगळे कॉलम पूर्णांकाचे झाले असतील तर उत्तर ११०. एरर नाही, वॉर्निंग नाही. एका खात्याला शहाण्णव पैसे, आणि पतसंस्थेत अशी खाती हजारोंनी असतात. गंमत बघा, मुद्दल १० लाख आणि दिवस ३६५ असतील आणि सगळं साध्या इंटिजरमध्ये असेल तर गुणाकारच २१४ कोटींच्या मर्यादेबाहेर जातो आणि एरर येते, म्हणजे मोठ्या कर्जाची चूक लगेच सापडेल आणि लहान ठेवीची सापडणार नाही. म्हणून मुद्दल आणि दर हे कॉलम न्यूमेरिकच ठेवा, आणि जिथे भागाकाराचं चिन्ह आहे अशी प्रत्येक ओळ डोळ्याखालून घाला, आम्ही तेच केलं, त्याला शॉर्टकट मला तरी माहीत नाही.

५. रिकामी जागा, तारीख आणि न सापडलेली ओळ

ओरॅकल रिकाम्या स्ट्रिंगला नल (काहीच भरलेलं नाही अशी खूण) समजतं. पोस्टग्रेस रिकामी स्ट्रिंग वेगळी आणि नल वेगळा मानतं. वाचायला एवढंसं वाटतं, पण याचे परिणाम तीन ठिकाणी बघा.

नाव जोडताना: नाव, मधलं नाव आणि आडनाव आपण दोन उभ्या दांड्यांनी जोडतो. ओरॅकलमध्ये मधलं नाव नल असलं तरी बाकीचं येतं. पोस्टग्रेसमध्ये एक भाग नल असला की सगळंच नल होतं, म्हणजे ज्या सभासदाचं मधलं नाव भरलेलं नाही त्याचं पासबुकावर पूर्ण नावच छापलं जाणार नाही. अशा ठिकाणी दांड्या काढून कॉनकॅट किंवा कॉनकॅट-डब्ल्यूएस वापरा, ती फंक्शनं नलला वगळतात.

शोधताना: "मोबाइल नंबर नसलेले सभासद" ही यादी आपण "इज नल" लिहून काढतो. हलवलेल्या जुन्या डेटात नल असतो, नव्या फॉर्ममधून सेव्ह झालेल्यात रिकामी स्ट्रिंग जाते, आणि यादीत फक्त जुने सभासद दिसतात. पहिल्या दिवशी रिपोर्ट बरोबर, महिन्याने चूक.

युनिक कॉलममध्ये: पॅनला युनिक लावलेलं असेल तर नल कितीही चालतात पण रिकामी स्ट्रिंग एकच चालते, तेव्हा पॅन नसलेला दुसरा सभासद सेव्हच होत नाही. हे निदान दिसतं तरी.

आमचा उपाय असा की डेटाबेसशी बोलणाऱ्या एकाच लेयरमध्ये रिकामी स्ट्रिंग नल करून पाठवायची, प्रत्येक फॉर्ममध्ये नाही. जिथे असा एक लेयर नाही तिथे ट्रिगर लावा.

तारखेचं असं आहे की ओरॅकलच्या डेटमध्ये वेळही असते, पोस्टग्रेसच्या डेटमध्ये नसते. टूल त्याचं टाइमस्टँप करतं, ते बरोबर आहे, पण मग "व्यवहाराची तारीख बरोबर आजची" असं लिहिलेलं चालेल की नाही हे आत वेळ साठली होती का यावर ठरतं. जिथे वेळ नकोच आहे, उदाहरणार्थ ठेवीची मुदत, तो कॉलम सरळ डेट करा. सिसडेटच्या जागी लोक डोळे झाकून नाऊ टाकतात. नाऊ ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण किंवा एकत्र रद्द होणारा कामांचा गट) सुरू झाल्याची वेळ देतं आणि ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत तीच राहते, त्यामुळे तासभर चालणाऱ्या डे-एंडमध्ये (दिवसअखेरच्या कामात) सगळ्या नोंदींवर एकच वेळ पडते. चालू घड्याळ हवं असेल तर क्लॉक टाइमस्टँप वापरा.

आणि प्रोसीजरमध्ये सिलेक्ट इन्टू, म्हणजे क्वेरीचं उत्तर व्हेरिएबलमध्ये घेणं. ओरॅकलमध्ये ओळ सापडली नाही की "नो डेटा फाउंड" येतं. पीएल-पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या प्रोसीजरच्या भाषेत स्ट्रिक्ट हा शब्द लिहिला नसेल तर काही न बोलता व्हेरिएबलमध्ये नल येतो आणि गाडी पुढे जाते. व्याजदराचा स्लॅब सापडला नाही, दर नल, व्याज नल, खातं गाळलं गेलं. हाताने लिहिलेल्या प्रत्येक सिलेक्ट इन्टूला स्ट्रिक्ट हवं का हे विचारून घ्या, बहुतेक ठिकाणी हवंच असतं.

६. मराठी मजकूर

याच्याबद्दल बाहेरच्या मार्गदर्शकांत काहीच मिळत नाही आणि आपल्याला तर नावं, पत्ते, गाव-वाडी सगळं मराठीत लागतं.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रा आणि हलंतसुद्धा. ओरॅकलच्या व्हारकॅर-टू या मजकुराच्या टाइपची लांबी, काही वेगळं सांगितलं नसेल तर, बाइटमध्ये असते. ३० लांबीच्या कॉलममध्ये दहाच चिन्हं मावतात, "श्रीकृष्ण" हे एकच नाव ९ चिन्हांचं, २७ बाइट खातं. म्हणून जुन्या डेटात नावं तोडलेली, जोडाक्षरं सोडून लिहिलेली असतात. पोस्टग्रेसमध्ये लांबी अक्षरचिन्हांत मोजतात, तेव्हा हा त्रास गेला, पण तोडलेली नावं आपोआप भरत नाहीत, त्यांची यादी काढून गिऱ्हाईकाला द्या.

त्याआधी आत खरंच युनिकोड आहे का ते तपासा. जुन्या काही डेटाबेसमध्ये कॅरेक्टर सेट पाश्चात्त्य भाषांचा आणि क्लायंटचंही सेटिंग तेच, त्यामुळे बाइट जसेच्या तसे आत-बाहेर होतात आणि स्क्रीनवर सगळं ठीक दिसतं. काही ठिकाणी तर युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेलं असतं, म्हणजे आत इंग्रजी अक्षरं आणि वर फाँटचा मुखवटा. ओरॅकलचं डम्प फंक्शन नावाच्या कॉलमवर चालवून बाइट बघा: यूटीएफ-८ मधली देवनागरी असेल तर प्रत्येक चिन्ह ई०-ए४ किंवा ई०-ए५ ने सुरू होतं. तसं दिसलं नाही तर थांबा, आधी कन्व्हर्टर शोधा, कारण अशा डेटाचा नुसता एक्स्पोर्ट केलात तर कचरा येईल.

ऱ्ह आणि ऱ्य असलेली आडनावं नीट बघा, गोऱ्हे, कुऱ्हाडे अशी. जुन्या कीबोर्डवर हा आकार साधा र, हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह मिळून येतो, नव्यावर वेगळा ऱ आणि हलंत. स्क्रीनवर दोन्ही एकसारखे, डेटाबेसला मात्र दोन वेगळी नावं, म्हणून काउंटरवरच्या ताई शोधतात आणि सभासद सापडत नाही. हे एका अपडेटने सरळ करता येतं, पण हलवताना नका करू, आधी जुनं आणि नवं तंतोतंत जुळू दे, मग साफसफाई.

यादीच्या क्रमासाठी मराठीचं आयसीयू कोलेशन (युनिकोडच्या आयसीयू लायब्ररीतले अक्षरक्रमाचे नियम) घ्या आणि तुमच्याच सभासद यादीवर क्ष, ज्ञ, ळ कुठे येतात ते बघा. ऑपरेटिंग सिस्टिमचं कोलेशन वापरलंत तर सिस्टिम अपग्रेड झाल्यावर क्रम बदलू शकतो आणि मजकुरावरचे इंडेक्स चुकीचे ठरतात. २०१८ मध्ये लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीबरोबर नेमकं हेच झालं होतं. असं झालं की रीइंडेक्स करावं, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधावे लागतात. आयसीयूची आवृत्ती बदलली तरी रीइंडेक्स लागतं, पण तिथे आवृत्तीची नोंद राहते आणि पोस्टग्रेस तसं सांगतं.

७. जिथे एरर येते ती मंडळी

ही थोडक्यात, कारण ही स्वतःच सांगतात. एनव्हीएलचं कोअलेस, रोनमचं लिमिट, कनेक्ट बायचं विथ रिकर्सिव्ह, कंसातल्या अधिकचं लेफ्ट जॉइन. मर्ज पोस्टग्रेस १५ पासून, म्हणजे २०२२ पासून आहे. पॅकेज नाहीत, प्रत्येक पॅकेजची वेगळी स्कीमा (डेटाबेसमधला कप्पा) करा. टेबलांची नावं ओरॅकल मोठ्या अक्षरात ठेवतं, पोस्टग्रेस लहान अक्षरात, म्हणून कोडमध्ये अवतरणचिन्हात मोठ्या अक्षरांनी लिहिलेली नावं असतील तर ती अवतरणचिन्हं काढा.

एकच जरा समजून घ्यायला हवं. ओरॅकलमध्ये ट्रान्झॅक्शनमधलं एक वाक्य फसलं तर तेवढंच मागे जातं. पोस्टग्रेसमध्ये सगळं ट्रान्झॅक्शन अडकतं, रोलबॅक होईपर्यंत पुढचं काही घेत नाही. "आधी इन्सर्ट करून बघ, डुप्लिकेट निघालं तर अपडेट कर" अशा कोडच्या जागी ऑन कॉन्फ्लिक्ट वापरा, बाकी ठिकाणी सेव्हपॉइंट (ट्रान्झॅक्शनमध्ये मागे फिरायची खूण).

८. ताळा

ओळींची संख्या जुळली म्हणजे जुळलं असं नाही. संख्या ओरा-टू-पीजीच मोजून देतो, ते पहिल्या तासाचं काम. खरा ताळा असा: दोन्ही डेटाबेसवर त्याच तारखेची तेरीज काढा, खातेवार शिल्लक काढा, आणि एका पूर्ण महिन्याची व्याज तरतूद दोन्हीकडे नव्याने चालवा, मग ओरॅकल-एफडीडब्ल्यूने खात्यागणिक फरक काढा. फरक शून्य यायला हवा. पाच-दहा पैशाचा फरक "राउंडिंगचा असेल" म्हणून सोडायचा नाही, तो नेहमी कुठल्यातरी टाइपचा किंवा भागाकाराचा असतो आणि शोधला की सापडतो.

शिवाय गिऱ्हाईकाच्या माणसाला बसवा. ज्या ताई रोज काउंटरला असतात त्यांनी एक दिवसाची खरी पावती-पुस्तकं नव्या सिस्टिमवर परत भरायची, पिग्मी एजंटचा भरणासुद्धा, आणि डे-बुक जुन्याशी लावून बघायचं. आमच्या टेस्टिंगमध्ये कधीच न येणाऱ्या गोष्टी त्या अर्ध्या दिवसात काढतात.

९. सर्व्हर, लाइट आणि बॅकअप

डीफॉल्ट सेटिंगवर चालवू नका. शेअर्ड बफर्स (डेटाबेसने रॅममध्ये राखलेली जागा) १२८ एमबी असतात, सर्व्हर डेटाबेससाठीच असेल तर रॅमच्या पाव भागापासून सुरुवात करा. कनेक्शन १०० पर्यंत, आणि पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस देतं, तेव्हा शाखा जास्त असतील तर मध्ये थोडी कनेक्शन सगळ्यांना वाटून देणारं पीजीबाउन्सर लावा, नुसता आकडा वाढवू नका. ऑटोव्हॅक्यूम कधीही बंद करू नका, "डिस्क फार चालते" म्हणून ते बंद करायचा सल्ला कोणी दिला तरी. जुन्या ओळी साफ करणं तेच करतं. ५४३२ हा पोर्ट इंटरनेटला उघडा ठेवू नका, शाखा व्हीपीएनवरून जोडा.

पावसाळ्यात आपल्याकडे लाइट किती वेळा जाते सांगायला नको. एफसिंक (लिहिलेलं डिस्कवर पक्कं झालं याची खात्री करणारं सेटिंग) चालूच ठेवा, लोडिंग फास्ट व्हावं म्हणून बंद केलं आणि परत चालू करायचं राहिलं तर एका झटक्यात डेटाबेस मोडू शकतो. यूपीएसची बॅटरी मे महिन्यात तपासून घ्या. डेटाबेस पहिल्यांदा बनवतानाच डेटा चेकसम (डिस्कवरचा डेटा बिघडला तर ओळखणारी तपासणी) चालू करा.

बॅकअप दोन प्रकारचे हवेत: रोज रात्री पीजी-डम्प (डेटाबेसची कॉपी फाइलीत), आणि त्याशिवाय पीजी-बेसबॅकअपबरोबर (पूर्ण सर्व्हरची कॉपी) वॉल फाइलींचं, म्हणजे प्रत्येक बदलाच्या नोंदींचं आर्काइव्ह, ज्यावरून दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या स्थितीला परत जाता येतं. आणि एक कॉपी गावाबाहेर, शक्य तर घाटावर किंवा क्लाउडमध्ये. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरचा सर्व्हर आणि त्याच कपाटातली बॅकअपची हार्ड डिस्क यात काही फरक उरणार नव्हता. जून २०२० चं निसर्ग, मे २०२१ चं तौक्ते, दोन्ही वादळांत किनाऱ्यावर दिवसच्या दिवस लाइट आणि नेट नव्हतं, त्यामुळे क्लाउडवर कॉपी जाते म्हणून ऑफिसातली बंद केली असंही करू नका. महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करून तेरीज काढून बघा.

१०. बदलाचा दिवस

तारीख आपल्या सोयीने नाही, गावाच्या कॅलेंडरने ठरते. मार्चमध्ये पतसंस्थांचं क्लोझिंग, त्याच सुमाराला शिमगा, मार्च ते मे पॅकहाऊसवाल्यांना श्वास घ्यायला वेळ नाही, मग पाऊस, मग गणपतीत चाकरमानी आले की अर्धी टीम रजेवर आणि पतसंस्थेत पैसे काढायला रांग. दिवाळी आणि डिसेंबरअखेर हॉटेलवाले नको म्हणतात. पतसंस्थेसाठी जानेवारीतला दुसरा शनिवार आम्हाला सगळ्यात बरा पडला, बँका बंद असतात, लागून रविवार मिळतो.

क्रम असा ठेवा: शुक्रवारचं डे-एंड पूर्ण, जुन्या डेटाबेसचा बॅकअप, जुना डेटाबेस रीड-ओन्ली. मग डेटा लोड, त्यानंतर इंडेक्स आणि फॉरेन की. मग सिक्वेन्स (पुढचा नंबर देणारे मोजणीदार) पुढे सरकवा, प्रत्येक सिक्वेन्सला टेबलातल्या सगळ्यात मोठ्या नंबरच्या पुढे न्यायचं, हे विसरलं तर सोमवारी पहिलीच पावती डुप्लिकेट म्हणून अडते. मग ॲनालाइझ (टेबलात काय आहे याचा अंदाज पोस्टग्रेसला देणारी आज्ञा) चालवा, नाहीतर पहिल्या दिवशी सगळं हळू चालतं आणि लोक म्हणतात जुनंच बरं होतं. शेवटी तेरीज.

मागे फिरायची वेळ आधी लिहून ठेवा, गिऱ्हाईकाच्या मॅनेजरची सही घेऊन. रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत तेरीज आणि खातेवार शिल्लक जुळली नाही तर सोमवारी जुन्यावरच काम. दमलेली माणसं रात्री अकरा वाजता "होईल सकाळी" म्हणतात आणि एकदा नव्यावर दिवसभराच्या नोंदी पडल्या की मागे जाणं फार कठीण होतं.

११. नंतरचे महिने

पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स (कुठल्या क्वेरीला किती वेळ लागला ते नोंदवणारं एक्स्टेन्शन) लावून ठेवा आणि पहिले पंधरा दिवस रोज सकाळी हळू क्वेरी बघा. पहिलं महिनाअखेर आणि पहिली तिमाही यांचे रिपोर्ट जुन्याशी ताडून घ्या. टीममधल्या दोन जणांना तरी एक्स्प्लेन (पोस्टग्रेस क्वेरी कशी चालवतं ते दाखवणारं) वाचायला शिकवा, एकावर विसंबलात तर तो मुंबईला नोकरीला गेला की अडाल. पोस्टग्रेसची प्रत्येक मोठी आवृत्ती पाच वर्षं सांभाळली जाते, तेव्हा अपग्रेडचं वर्ष आत्ताच डायरीत टाका.

जुना डेटाबेस निदान एक ऑडिट होईपर्यंत वाचण्यापुरता ठेवा. लायसन्स कायमचं असेल तर सपोर्ट बंद केला तरी वापरायचा हक्क राहतो, फक्त पॅच आणि नवीन आवृत्त्या मिळत नाहीत. सपोर्ट बंद करायचं पत्र रिन्यूअलच्या किती दिवस आधी द्यायचं ते करारात बघा आणि लेखी द्या, फोनवर नाही. काहीच लायसन्स सोडून बाकीची ठेवणार असाल तर उरलेल्यांच्या सपोर्टचा भाव नव्याने लागू शकतो, ते आधी लेखी विचारून घ्या, नाहीतर अर्धी लायसन्स सोडूनही बिल तेवढंच राहतं. आणि शेवटी ज्या सर्व्हरवर ओरॅकल नको आहे तिथून ते खरोखर अनइन्स्टॉल करा, टेस्टिंगच्या मशीनवरून आणि जुन्या व्हर्च्युअल मशीनच्या कॉपीमधूनसुद्धा, कारण नुसतं इन्स्टॉल असलेलं किंवा चालू असलेलं, दोन्ही मोजणीत धरलं जातं. काढल्याची तारीख, सर्व्हरचं नाव आणि कोणी काढलं हे एका कागदावर लिहून त्याच लायसन्सच्या फोल्डरमध्ये लावून ठेवा.